दारावरचं लाल

कलाकृतीचं खरं आयुष्य कलावंताच्या मृत्यूनंतर सुरू होतं. बापूंच्या चित्राचं सुरू झालं ते इन्व्हर्टरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. एका अंगाला बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन, दुसऱ्या अंगाला झुरळांचं औषध. तिथे ते काही वर्षं कोणाला त्रास न देता राहिलं. त्यांच्या मुलीनं, विनतानं, अधूनमधून त्याच्यावरून ओलं फडकं फिरवायचं ठरवलं होतं, आणि दर वेळी दुसरं काहीतरी काम निघालं होतं. आपल्या आळसाबद्दल माणसाला कृतज्ञता वाटावी असे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. तिच्या आयुष्यात तो डिसेंबरातल्या एका सकाळी, मटार सोलताना आला.

मदन महलच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर सकाळचं ऊन चांगलं असतं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झालेली विनता चटईवर परात घेऊन बसली होती, आणि तिचा नवरा श्रीपाद समोर बसून, सोललेले दाणे परातीतून उचलून तोंडात टाकत तिला मदत करत होता. मटार पनागरचा होता, कोवळा, नख लावलं की हिरवा वास सुटणारा. फोन वाजला तेव्हा तिचं नख एका शेंगेच्या शिवणीत होतं. पलीकडून अनुपम दुबे बोलत होते. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात जे संग्रहालय निघालं आहे, तिथले अधिकारी. महिन्यापूर्वी तेच घरी येऊन, गुडघ्यांवर बसून, ते चित्र इन्व्हर्टरमागून स्वतःच्या हातांनी ओढून घेऊन गेले होते. जुन्या जबलपूरचं एक दालन त्यांना करायचं होतं, आणि सदर बाजाराच्या मागच्या बाजूच्या पडक्या चर्चचं चित्र त्यांना कुठेच मिळत नव्हतं. ते चर्च आता म्हणजे तीन भिंती आणि भिंतीतून उगवलेला एक पिंपळ. बापूंनी काढलं तेव्हा निदान अर्धं छप्पर होतं, मनोरा होता, दार होतं. एखादी इमारत पडायला आलेली असते तेव्हापासून ती पडेपर्यंत जो काळ जातो त्यालाच इतिहास म्हणतात, असं विनता वर्गात कधी म्हणाली नव्हती, कारण तिचा विषय भूगोल होता.

"बधाई हो मॅडम," अनुपम दुबे म्हणाले. "कमिटी ने पास कर दिया. बाबूजी का चित्र अब हमारा हुआ."

"धन्यवाद," विनता म्हणाली. मग तिला ते थोडं वाटलं म्हणून "बहुत-बहुत धन्यवाद" म्हणाली.

"असली बात तो वो दरवाज़ा है. दरवाज़े पर जो लाल रोशनी है न. हमारे प्रोफेसर साहब तो आधा टाइम उसी पर बोले. बोले, पूरी इमारत मर रही है और चित्रकार ने चौखट पर एक आखिरी धूप बचाकर रखी है. नहीं तो मॅडम, सच बताऊं, चित्र थोड़ा, क्या कहते हैं, नक्शे जैसा है. उस धूप ने पास करवा दिया."

शेंग विनताच्या हातात फुटली आणि दाणे चटईवर घरंगळले.

"बस, अब सफाई होगी, फिर टांग देंगे," अनुपम दुबे सांगत होते. "अगरबत्ती का धुआं, धूल, ऊपर-ऊपर जो भी जमा है, सब निकल जाएगा. एकदम ओरिजिनल."

पलीकडून फोन ठेवल्यावरही ती तो कानाशी धरून बसली. श्रीपादनं घरंगळलेले दाणे गोळा केले आणि त्यांचीही विल्हेवाट लावली.

"काय म्हणून राहिला तो?"

"घेतलं म्हणे."

"अच्छा! मग तोंड काहून असं केलंस?"

"दारावरचं लाल आवडलं त्यांना. उजेड आहे म्हणतात. संध्याकाळचा."

श्रीपादचा हात परातीत थांबला. या घराचा तो तीस वर्षं जावई होता, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. "ते कुंकू?"

"हो."

"अन् तू सांगितलं नाहीस?"

"कुठे सांगू? त्यांनी तर पास करून टाकलं."

श्रीपादनं थोडा विचार केला. "काही म्हण," तो म्हणाला, "सासूबाईंचा हात चांगला होता." आणि त्यानं आणखी एक मूठ उचलली.

ते कुंकूच होतं. विनताला ते इतकं ठाऊक होतं की त्याच्याकडे बघताना तिला आजवर ते कधी दिसलंच नव्हतं, जसं आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. बापू तोफांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे, आणि मधल्या वेळात त्यांनी काय केलं हे सांगायची त्यांना बंदी होती. त्यांनी काढलेला प्रत्येक कागद संध्याकाळी कुलपात जायचा. इतर मुलींच्या वडिलांचं काहीतरी दिसायचं: कोणाचं दुकान असायचं, कोणी गढा मोहल्ल्यात वैदू होता, कोणी रेल्वेत होता आणि त्याची गाडी निदान शिटी तरी वाजवायची. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तेव्हा विनतानं उभं राहून खरं ते सांगितलं होतं, "मालूम नहीं," आणि वर्ग हसला होता. तो माणूस दिवसभर पेन्सिल घासून देशाचं रक्षण करत होता म्हणे. घरात मात्र त्याच्या हातची एक रेघ नव्हती. मग केव्हातरी त्यांनी रविवारी सायकल काढून सदरच्या मागे जायला सुरुवात केली. नर्मदेचे घाट सोडून, धुवांधारचा धबधबा सोडून, मदन महलचा किल्ला घराच्या डोक्यावर असताना तोही सोडून, हे पडकं चर्च. आई तेव्हा म्हणाली होती, "देवळं कमी पडली का जबलपुरात? काहून ते गिरजाघर काढून राहिले तुम्ही?" बापू म्हणाले होते, "तिथे मागे उभं राहून बघायला कोणी येत नाही." हे अगदीच खरं नव्हतं. चर्चची राखण करणारी एक म्हातारी ख्रिस्ती बाई यायची. बापू ओळंबा लावून भिंत किती कललीय ते मोजत असत, त्यामुळे तिचा समज झाला की दुरुस्तीसाठी सरकारनं माणूस पाठवला. दर रविवारी ती त्यांना चहा द्यायची आणि होणाऱ्या दुरुस्तीबद्दल आगाऊ आभार मानायची. बापूंनी तिचा गैरसमज दूर केला नाही. चहा चांगला असायचा, असं त्यांनी घरी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

चित्र झालं तेव्हा ते सगळ्यांना जरा चमत्कारिक वाटलं, कारण ते समोरून काढलेलं होतं, नाकासमोरून, एखाद्या तोफगाड्याचं काढावं तसं. प्रत्येक तडा जागच्या जागी. एका तड्यातून दुसरा कसा फुटतो ते इतकं नेमकं, की विनताला पुढे नदी आणि तिच्या उपनद्या मुलींना शिकवताना नेहमी तीच भिंत आठवायची. पण सावली नव्हती. कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये सावली नसते, म्हणून बापूंच्या चित्रातही नव्हती. ऊन कुठल्या बाजूनं येतं ते त्या चित्रात शोधूनही सापडलं नसतं. प्रोफेसरसाहेबांना ते दारावर सापडलं होतं.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा करायची, म्हणून आईनं नेहमीप्रमाणे पाट मांडला: शिलाई मशीनची कात्री, विळी, पोळपाट-लाटणं, बापूंची सायकल दाराशी धुऊन उभी. विनताची भूगोलाची वही आणि कंपासपेटी. पाटावर सगळ्यांचं काही ना काही होतं, आणि ज्यांच्या पगारावर हे सगळं आलं होतं त्यांचंच काही नव्हतं, कारण त्यांची हत्यारं कारखान्यात. ही अडचण दर वर्षीचीच होती, आणि दर वर्षी आई तिथे एक सुपारी ठेवत असे. त्या वर्षी तिनं भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि पाटावर टेकवून ठेवलं. हळद बोटावर घेतली, कुंकू ओलं करून अनामिकेवर घेतलं, आणि चित्रासमोर जरा थांबली. विनताला ते थांबणं आठवतं. मग तिनं बोट चर्चच्या दारावर टेकवलं.

बापू आंघोळ करून आले. "हे काय?"

"तुमचं काम," आई म्हणाली. "बाकीचं सरकारनं ठेवून घेतलं. घरी हे एवढंच आहे."

"अगं, चर्च आहे ते."

"म्हणूनच तर क्रुसाला नाही लावलं. त्यांच्या देवाला चालेल, नाही चालेल, आपल्याला काय माहीत? दाराला लावलं. दाराला कोणाचंही चालते."

बापू सोवळं नेसून पाटासमोर बसले. पुढे दर वर्षी ते चित्र पाटावर बसलं, आणि दर वर्षी दारावर एक थर चढला, आधी हळदीचा, वर कुंकवाचा, तेलकट, दाटसर, कडेला ओघळलेला. सायकल गेली, स्कूटर आली, कंपासपेटीच्या जागी विनताचा शाळेचा खडूचा डबा आला, चित्र होतं तिथेच होतं. त्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नसे. ती पद्धतच नव्हती. कोणी पाणी दिलं तर ते प्यायचं, एवढंच. विनतानं आईला कधी धन्यवाद म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि म्हटलं असतं तर आईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण वर्षातून एकदा, न बघितलेल्या, कधीच बघायला न मिळणाऱ्या कामाला आई बोट टेकवायची, आणि एवढं आभाराचं लांबलचक भाषण विनतानं नंतर कुठल्या निरोपसमारंभातही ऐकलं नाही, स्वतःच्यासुद्धा.

दुपारभर ती घरात कामं करत फिरली आणि तो एकच हिशोब डोक्यात मांडत राहिली. न सांगावं, तर ओल्या कापसाचा एक बोळा फिरेल आणि प्रोफेसरांची शेवटची धूप वाटीत उतरेल. सांगावं, तर कमिटी म्हणेल, अरेच्चा, हा तर मळ, आणि तोच बोळा जरा जास्त जोरानं फिरेल. शिवाय चित्र नुसतं नकाशासारखं राहिलं म्हणून परत घरी येईल. म्हणजे कुंकू दोन्ही बाजूंनी जाणारच. एका बाजूला बापूंची अब्रूही सोबत जाणार, एवढाच फरक. मजा अशी की तिला चित्राचं फारसं काही नव्हतं. ते भिंतीवर लागलं काय, इन्व्हर्टरमागे राहिलं काय. बापूंचं नाव लागलं तर बरं, नाही तर बापूंना सवय होती. तिला ते लाल राहायला हवं होतं. आईच्या साड्या ज्याला त्याला देऊन झाल्या, तिच्या मशीनवर आता श्रीपादचा वायफायचा डबा ठेवलेला असतो, तिचा आवाज कोणी कशात भरून ठेवला नाही कारण तो रोजच होता. या सबंध पृथ्वीतलावर आईचं बोट जिथे टेकलं आणि उमटून राहिलं अशी जागा एकच होती, आणि ती आता, विनतानं स्वतः कागदावर सही करून, सफाईला दिली होती.

"सांगून टाक ना," श्रीपाद चहा पिताना म्हणाला. "फार तर परत देतील. ठेवू पुन्हा बॅटरीमागे."

"अन् पुसलं तर?"

"तर पुसलं." मग तिचं तोंड बघून तो खाली बघत म्हणाला, "उद्या येऊ का मी सोबत?"

"नको. तू तिथे हसशील."

"हसणार तर आहेच," श्रीपाद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. संग्रहालयाच्या व्हरांड्यात फिनेलचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. थंडीमुळे फरशी चपलेतूनही पायाला लागत होती. अनुपम दुबेंच्या खोलीत बापूंचं चित्र पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलेलं होतं, पाठीला टेकून, एखाद्या माणसाला बसवावं तसं, त्यामुळे विनताला स्टुलावर बसावं लागलं. ती आणि चर्च समोरासमोर बसले. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. घरात, देवघराच्या पिवळ्या बल्बखाली, पाटावर, तिनं ते हजार वेळा बघितलं असेल. असं तिनं ते कधीच बघितलं नव्हतं. करड्या, तडकलेल्या, बिनसावलीच्या भिंती, बरोबर ओळंब्यात नसलेला मनोरा, आणि त्या सगळ्या मोजून मापून मरणाऱ्या दगडांच्या मधोमध एक लाल, ऊबदार, कडेला विरघळणारा ठिपका. एक क्षणभर तिला तिथे खरंच ऊन दिसलं. प्रोफेसरांबद्दल तिला आदर वाटला, आणि त्याच क्षणी, आईच्या पोटी आपण जन्मलो तरी हे आपल्याला दिसलं नव्हतं, याची थोडी लाजही.

"वो धूप नहीं है," ती म्हणाली. चहा यायच्या आत म्हणाली, कारण चहा प्यायल्यावर तिच्याच्यानं झालं नसतं. "कुमकुम है."

अनुपम दुबेंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग चित्राकडे. "कुमकुम मतलब... पूजा वाला?"

"जी. माझी आई, मतलब मेरी माँ लगाती थीं. दशहरे के एक दिन पहले. हर साल. नीचे हल्दी है."

"वो पीला?"

"जी."

"पीले पर प्रोफेसर साहब अलग से बोले थे," अनुपम दुबे हळू आवाजात म्हणाले. मग उठले, दार लोटून आले, आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा हसऱ्या माणसाचा होता आणि तो हसत नव्हता, हे विनताला जास्त अवघड गेलं. "एक बात बताइए मॅडम. बाबूजी ने ये देखा था?"

"सामने बैठते थे."

"और पोंछा नहीं?"

हा प्रश्न विनताला कोणी कधी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला नव्हता विचारला. बापू म्हणजे अर्धं ब्लेड बोटात धरून बसलेला माणूस. ड्रॉइंग ऑफिसात शाईची रेघ केसभर चुकली की ती ब्लेडनं खरवडून काढायची, कागदाला न दुखावता. ती सवय ते घरी घेऊन आले होते, बंदी फक्त कागदांना होती. नव्या ताटांवरची लेबलं ते खरवडत, आरशावर आईनं चिकटवून ठेवलेल्या टिकल्या खरवडत, विनताच्या वहीत चुकलेलं कर्कवृत्त त्यांनी असंच खरवडून दीड मिलिमीटर वर नेलं होतं. याच चित्रातली एक खिडकी त्यांना जागेवर वाटेना म्हणून महिनाभर ते तिच्या मागे लागले होते. आणि या माणसानं, आपल्या आयुष्यातल्या एकुलत्या एका दाखवता येण्याजोग्या कामावर, ओघळलेलं, वाकडं, कुठल्याही मापात न बसणारं कुंकू दर वर्षी चढू दिलं. ब्लेड त्यांच्या खिशातच असायचं. विनता चित्राकडे बघत राहिली, आणि तिला ते दिसलं: ठिपका दाराच्या मध्यावर नव्हता. डावीकडे होता. तिला आईचं पाटासमोर वाकणं आठवलं, गुडघे दुखायला लागल्यानंतरच्या कुठल्यातरी वर्षीचं, आणि मागून, सोवळ्यात उभ्या असलेल्या बापूंचा आवाज, अगदी साधा, 'मीठ दे' म्हणावं तसा: जरा डावीकडे लाव. कडी तिकडे असते.

तिनं तोवर आलेला चहा उचलला. "एक बार बोले थे," ती म्हणाली, "कि थोड़ा बाएं लगाओ."

"किसने? बाबूजी ने? माताजी को?"

"जी. कुंडी उधर है, इसलिए."

अनुपम दुबे उठून चित्राशी गेले, वाकून बघितलं. कडी खरंच तिकडे होती, कुंकवाच्या थराखालून तिची एक कड दिसत होती. "तो फिर मॅडम," ते वाकलेलेच म्हणाले, "ये गलती नहीं है. दोनों का काम है." आणि सरळ होत, "प्रोफेसर साहब को मैं नहीं बताऊंगा. खुश हैं, रहने दीजिए. कहा तो उन्होंने ठीक ही है."

या परक्या, हिंदी बोलणाऱ्या, स्वेटरवर चहाचा डाग पडलेल्या गृहस्थांच्या पाया पडावं असं विनताला वाटलं. ते वय बघता बरं दिसलं नसतं. तिनं फक्त म्हटलं, "तो सफाई मत कराइए."

इथे मात्र अनुपम दुबेंचा चेहरा बदलला, सरकारी झाला. "वो मेरे हाथ में नहीं है मॅडम. रूल है. जो भी चीज़ आती है, पहले केमिस्ट साफ करते हैं. और केमिस्ट के सिवा कोई हाथ नहीं लगा सकता. मैं भी नहीं. धूल तक नहीं झाड़ सकते."

"फिर मैं उन्हीं से मिल लेती हूं," विनता उठली. तिनं मनाशी ठरवलं होतं. आईसाठी एका केमिस्टपुढे हात जोडायला काय जातं. "कहाँ बैठते हैं?"

अनुपम दुबेंनी व्हरांड्याच्या पलीकडचं दार दाखवलं. त्यावर 'केमिस्ट' अशी पाटी होती, कुलूप होतं, आणि कुलपाला गंज होता.

"छुट्टी पर हैं?"

"पोस्ट है," अनुपम दुबे म्हणाले. "आदमी नहीं है."

"कब तक आएंगे?"

"म्यूज़ियम खुला तब से प्रक्रिया चल रही है. तब तक जो जैसा आता है, वैसा टंगता है."

विनतानं दोन्ही हात जोडले. कोणाला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. समोर अनुपम दुबे होते, म्हणून त्यांनी ते आपल्यासाठी समजून परत जोडले. चित्र सोमवारी, होतं तसंच, टांगण्यात आलं. केमिस्टच्या खोलीत उन्हाळ्यापर्यंत संग्रहालयाचे कूलर ठेवलेले असतात.